पहिला स्टार्टर डेक कुठला घ्यावा? चार पोरं, बजेट पाच हजार

खाडीपलीकडे (मालवण)

चार पोरांसाठी कार्ड गेम घ्यायचाय. वयं ९, ११, १३ आणि १४. थोरले दोघे मुंबईचे, गणपतीत आठ-दहा दिवस इथे असतात. धाकटे दोघे इथलेच, मराठी शाळेतले. इंग्रजी अक्षरं लागतात, पण लांब वाक्य वाचायला वेळ लागतो. सगळं मिळून पाच हजार घालायची तयारी आहे.

पोकेमॉन, मॅजिक, यु-गी-ओह आणि वन पीस यांतलं नवशिक्यांना काय बरं? प्रत्येकाला त्याच्या आवडीचा एकेक स्टार्टर डेक (खेळायला तयार पत्त्यांचा संच) द्यावा, की बूस्टर पाकिटं (आत कुठले पत्ते ते आधी न कळणारी) फोडून त्यातून डेक बनवावेत? ऑनलाइन "५०० कार्डांचा लॉट" स्वस्तात दिसतो, तो कसा? बाजारात खेळण्यांच्या दुकानात सोनेरी पोकेमॉन कार्डांचा डबा मिळतो, तो खेळायला चालेल का? आणि पावसात आमच्याकडे वहीची पानंसुद्धा दमट लागतात, तर हे पत्ते टिकवायचे कसे?

पिसापीस (रत्नागिरी)

आधी समोर कोण बसणार ते ठरवा, खेळ मागाहून. मोठ्या शहरात दुकान असतं, तिथे रविवारी खेळणारे जमलेले असतात. एक डेक घेऊन गेलात तरी भिडू मिळतो. आपल्याकडे भिडूचा डेकसुद्धा आपणच विकत घ्यायचा. म्हणून एकमेकांशी खेळायलाच बनवलेले डेक जोडीनं घ्या आणि चौघांसाठी एकच खेळ घ्या. दोघं पोकेमॉन आणि दोघं मॅजिक असं केलंत, तर मुंबईकर परत गेल्यावर धाकट्यांकडे अर्धाच संसार उरेल.

मी पोकेमॉनपुरतं सांगतो. "डेक" या नावाखाली तीन वेगवेगळ्या पायऱ्यांचा माल विकला जातो, आणि खोकी वरून सारखीच दिसतात.

पहिली पायरी बॅटल अकॅडमी. एका खोक्यात ६० पत्त्यांचे तीन तयार डेक, घडीचा बोर्ड, डॅमेज काउंटर (नुकसान मोजायच्या सोंगट्या), आणि पहिला डाव हात धरून शिकवणारी पुस्तिका. २०२४ च्या आवृत्तीत पिकाचू, आर्मारूज आणि डार्कराय यांचे डेक आहेत. शिकवणीच्या डावासाठी पत्ते ठरलेल्या क्रमाने लावलेले असतात, त्यामुळे खोकं उघडल्या उघडल्या पिसायचे नाहीत. पोरं नेमकं तेच करतात आणि मग पुस्तिका एक सांगते, हातात दुसरंच येतं. पत्त्यांवर डेकची खूण आणि क्रमांक छापलेला असतो, त्यावरून क्रम परत लावता येतो. पण तेवढा वेळ चार पोरांना गप्प कोण बसवणार?

दुसरी पायरी साधे बॅटल डेक, हल्लीचे ईएक्स आणि त्याआधीचे व्ही (जास्त ताकदीच्या पोकेमॉनच्या नावापुढे या खुणा असतात). हे जोडीजोडीनेच काढलेले असतात: अँफारॉस आणि लुकारिओ, कांगासखान आणि ग्रेनिंजा, जुन्यांपैकी रेक्वाझा आणि नॉइव्हर्न. जोडीतल्या दोघांची ताकद जवळपास सारखी ठेवलेली असते, म्हणून जोडी मोडू नका.

तिसरी पायरी लीग बॅटल डेक. चारिझार्ड ईएक्स, ड्रॅगापल्ट ईएक्स वगैरे. पत्ते इथेही ६०च, पण डेकमधून हवा तो पत्ता शोधून आणणारे आणि भराभर पत्ते उचलायला देणारे ट्रेनर पत्ते यात ठासून भरलेले असतात. एकेका पाळीत पाच-सहा निर्णय घ्यावे लागतात. ज्याला खेळ येतो त्याच्यासाठी पैसे वसूल, नवशिक्याचा मात्र गोंधळ.

नेहमीची चूक अशी: थोरल्याला चारिझार्ड आवडतो म्हणून लीग डेक, धाकट्याला ग्रेनिंजा आवडतो म्हणून साधा बॅटल डेक. धाकटा सलग हरतो, चौथ्या डावाला पत्ते टाकून उठतो, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो. लीगला समोर लीग, साध्याला साधा.

एक गोष्ट तुमच्या फायद्याची. पोकेमॉन पत्त्याच्या खाली डाव्या कोपऱ्यात चौकटीत एक इंग्रजी अक्षर असतं. अधिकृत स्पर्धेच्या स्टँडर्ड प्रकारात ठरावीक अक्षरांचेच पत्ते चालतात आणि जुनी अक्षरं वेळोवेळी बाद होतात. एप्रिल २०२५ मध्ये एफ बाद झालं आणि व्ही मालिकेचे डेक त्या प्रकारातून गेले. घरी खेळताना या अक्षराला कोणी विचारत नाही. त्यामुळे व्हीची जोडी कुठे उतरलेल्या दरात, सीलबंद मिळाली तर बिनधास्त घ्या. कोणाला पुढेमागे स्पर्धेत उतरायचं असेल तरच अक्षर बघून घ्या.

बूस्टर फोडून डेक बनत नाही. पाकिटात खेळायचे दहा पत्ते. स्टेज २ चा (दोन पायऱ्या वाढलेला) पोकेमॉन निघतो, तर त्याच्या खालचा बेसिक (सुरुवातीचा) निघत नाही. बेसिक निघतो तर एनर्जी (हल्ल्याला लागणारा पत्ता) दुसऱ्याच रंगाची. डेकचा निम्मा भार ट्रेनर पत्त्यांवर असतो आणि त्यातला एखादाच कामाचा पत्ता चारचार प्रतींत लागतो. तो पाकिटातून कधी जमणार? पाचशेच्या लॉटचंही तेच. त्यात बहुतेक इतरांनी निवडून उरलेला भरणा असतो, एनर्जी आणि चांगले ट्रेनर आधीच काढून घेतलेले. फायलीत लावायला ठीक.

बारापत्ती (कुडाळ)

आधी एक पैसो खर्चूं नको. मोबायलार फुकट गावता ता खेळान बघा, मगे काय ता घेवा.

बाकीचं सगळ्यांना कळेल असं लिहितो. पोकेमॉन टीसीजी लाइव्ह, मॅजिक अरीना आणि यु-गी-ओह मास्टर ड्युएल ही तिन्ही फुकट आहेत, शिकवणी आत आहे आणि सुरुवातीचे डेक देतात. नियम चुकला तर अॅप तो पत्ता टाकूच देत नाही, त्यामुळे नियम आपोआप बसतात. एक मात्र सांभाळा. पोरांना ठाऊक असलेला पोकेमॉन पॉकेट हा वेगळा खेळ आहे. त्यात डेक २० पत्त्यांचा, एका नावाचे दोनच पत्ते, एनर्जी आपोआप मिळते आणि तीन गुणांना डाव संपतो. खऱ्या खेळात ६० पत्ते, एका नावाचे चारपर्यंत (बेसिक एनर्जी हवी तेवढी), सहा प्राइझ (बाजूला उपडे ठेवलेले पत्ते, समोरचा पोकेमॉन पाडला की उचलायचे) आणि एनर्जी हातातून लावायची. पॉकेटवर शिकलेलं पोर "एनर्जी कुठाय?" म्हणून वाट बघत बसतं.

सातहात (वेंगुर्ला)

चौघं एकदम बसणार असतील तर मॅजिकचा विचार करा. फाउंडेशन्स बिगिनर बॉक्स, नोव्हेंबर २०२४ चा. त्यात २० पत्त्यांची दहा पाकिटं असतात. दोन शिकवणीची, मांजरं विरुद्ध व्हँपायर. पुस्तिका धरून हा डाव एकदा खेळला की पुढे कुठलीही दोन पाकिटं एकत्र पिसायची, झाला ४० पत्त्यांचा डेक. म्हणजे एका खोक्यात एकाच वेळी पाच जणांची सोय, आणि दर डावाला नवी जोडणी. "याचा डेक भारी, माझा भिकार" ही भांडणं उरतात, पण पुढच्या डावाला पाकिटं बदलून घेता येतात.

पैशांच्या हिशेबानेही हे परवडतं. फाउंडेशन्सचे पत्ते निदान २०२९ पर्यंत स्टँडर्डमध्ये राहतील असं कंपनीने सांगून ठेवलंय, त्यामुळे कोणी पुढे गंभीरपणे खेळायला लागलं तरी ते वाया जात नाहीत.

मॅजिकमध्ये नवशिक्याचा डेक मरतो तो लँडच्या (बाकी पत्त्यांचा खर्च भागवणाऱ्या पत्त्यांच्या) प्रमाणात. ४० पत्त्यांना सोळा-सतरा लँड, ६० ला चोवीसच्या आसपास. पोरांना लँड म्हणजे रिकामे पत्ते वाटतात, म्हणून ते चार काढून चार राक्षस घालतात, आणि मग हातात सहा खर्चाचे तीन राक्षस आणि समोर दोन लँड घेऊन बसतात. तयार जोडणीतले लँड काढू देऊ नका.

कमांडरचे (मॅजिकचाच दुसरा प्रकार) तयार डेक मात्र आत्ता नको. १०० पत्ते, बेसिक लँड सोडून प्रत्येक पत्ता एकच, प्रत्येकाला ४० लाइफ (जीवाचे गुण), चौघांचा एकत्र डाव. बघायला तुमच्या बेतात अगदी बसतो. पण चार जणांच्या समोरचे सगळे पत्ते वाचून लक्षात ठेवावे लागतात. नव्या चौघांचा डाव आरत्यांच्या वेळेपर्यंत संपत नाही.

उलटा हुकूम (चिपळूण)

सातहात, खोकं चांगलंच आहे, पण ९ वर्षांचं पोर आणि अडखळतं इंग्रजी हे वाचलंत ना? मॅजिकमध्ये समोरच्याच्या पाळीतही पत्ता टाकता येतो, मग त्याला उत्तर, त्या उत्तराला उत्तर. कोणाचं आधी लागू होतं ते सांगायला जाणता माणूस सतत शेजारी लागतो. पोकेमॉनमध्ये तुमची पाळी ती तुमचीच. लहानांना ते सोपं पडतं.

उरलेल्या दोन खेळांचं थोडक्यात. यु-गी-ओह तुमच्यासाठी नाही. पत्त्यावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात सात-आठ ओळी, आणि एनर्जी-लँडसारखी वेसण नसल्याने एकेक पाळी लांबत जाते. मुख्य डेक ४० ते ६० चा, एका नावाचे तीन पत्ते चालतात. स्ट्रक्चर डेकच्या (यु-गी-ओहचा तयार डेक) खोक्यात कामाचे पत्ते मात्र बहुधा एकेकच असतात. म्हणून जाणते एकाच डेकची तीन खोकी घेऊन त्यांचा एक डेक करतात. म्हणजे दोन भिडूंना सहा खोकी. त्यात एक्स्ट्रा डेकचे (मुख्य डेकशेजारी वेगळा ठेवायचा) पंधरापर्यंत पत्ते, ते बहुतेक वेगळेच जमवावे लागतात.

वन पीस मला आवडतो. २०२२ ला आलेला खेळ आहे, स्टार्टर डेकमध्ये एक लीडर (तुमचा म्होरक्या), ५० पत्ते आणि १० डॉन पत्ते (खर्च भागवायचे), सगळं एकाच खोक्यात. थोरल्यांनी ती मालिका पाहिली असेल तर उड्या मारतील. पण मजकूर पोकेमॉनपेक्षा जास्त, आणि समोरच्याचा हल्ला हातातल्या पत्त्यांनी अडवायचा असल्यामुळे हातात काय राखून ठेवायचं याचा विचार दर पाळीला करावा लागतो. दोन स्टार्टर घेताना मागेपुढे निघालेले घेऊ नका, नंतरचे डेक बहुधा जास्त ताकदीचे असतात. एकाच सुमाराचे दोन घ्या.

चौकटराणी (सावंतवाडी)

सोनेरी डब्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. ते पत्ते खेळायचे नाहीत. प्लास्टिकवर सोनेरी मुलामा असतो, एचपीचे (पोकेमॉनच्या जीवाचे) आकडे मनाला येतील तसे, हल्ल्याचा मजकूर एका पोकेमॉनचा आणि चित्र दुसऱ्याचं. शिवाय ते कागदी पत्त्यापेक्षा जाड आणि निसरडे. खऱ्या डेकमध्ये एक घातला तरी पिसताना बोटाला कळतो, म्हणजे खूण केलेल्या पत्त्यासारखंच झालं. पोरांना खेळणं म्हणून द्यायचे तर द्या, डेकमध्ये नको.

कागदी नकली ओळखायला जास्त कठीण. हाती लागलेला पत्ता खरा आहे का ते बघायचं तर शंका नसलेला एक पत्ता शेजारी धरा आणि मग बघा:

कडेने, भिंग असेल तर भिंगातून. खऱ्या पत्त्याच्या दोन पांढऱ्या थरांमध्ये एक बारीक काळपट रेघ दिसते. नकलीत बहुतेकदा सगळं पांढरंच.

मोबाइलचा टॉर्च मागून लावून. नकली पत्त्यातून उजेड जास्त येतो. तुलना मात्र साध्याची साध्याशी करायची. फॉइल (चमकदार थराचा) पत्ता उजेड वेगळाच अडवतो आणि फसगत होते.

पाठ. निळा रंग फिका किंवा जांभळट, कडा धूसर. पुढच्या बाजूला "पोकेमॉन" या इंग्रजी नावातल्या ई वरची तिरकी रेघ गायब.

बोटाने. पूर्ण चित्राच्या भारी पत्त्यांवर बोटाच्या ठशासारख्या बारीक रेषा लागतात. साधा चमकणारा पत्ता खरा असूनही गुळगुळीतच असतो, तेव्हा गुळगुळीत दिसला की लगेच नकली ठरवू नका.

खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपीचं लेबल आहे का तेही बघा. आयात केलेल्या बंद मालावर ते कायद्याने लागतं.

आता पाऊस. साध्या पत्त्यापेक्षा फॉइलला त्रास जास्त. कारण सरळ आहे: कागदाचा थर दमट हवेत पाणी ओढून फुगतो, वरचा चमकदार थर फुगत नाही, म्हणून पत्त्याच्या कडा चित्राच्या बाजूला वळतात. फार कोरड्या हवेत उलटं होतं. वळलेला पत्ता डेकमध्ये वरून ओळखू येतो, हीच खरी अडचण.

डेक आला त्या दिवशीच स्लीव्ह (एकेका पत्त्याची प्लास्टिकची खोळ) घाला. पोकेमॉन, मॅजिक आणि वन पीसचा पत्ता ६३ गुणिले ८८ मिमी, त्यांना "स्टँडर्ड" स्लीव्ह लागतात. यु-गी-ओहचा पत्ता ५९ गुणिले ८६, त्याला "जपानी" किंवा "स्मॉल" मापाच्या. मोठ्या स्लीव्हमध्ये लहान पत्ता हलतो आणि कोपरे झिजतात. पाकिटात किती आहेत ते वाचूनच घ्या. ५० च्या पाकिटात ६० चा डेक बसत नाही, आणि उरलेल्या दहांना दुसऱ्या रंगाच्या स्लीव्ह घातल्या की पत्ते पाठीवरूनच ओळखू येतात. डेकमागे एकाच रंगाच्या, अपारदर्शक पाठीच्या ६०, वर चार-पाच जास्तीच्या.

डबा घट्ट झाकणाचा, रबरी कडेचा. स्वयंपाकघरातला चालतो, पण मसाल्याचा नको. आत सिलिका जेलची एक-दोन पाकिटं. घरात लहान पोरं असल्याने रंग बदलणारं निळं जेल टाळा, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, नारिंगी घ्या. रंग बदलला की जेल बदला किंवा तापवून कोरडं करून परत घाला. डबाभर जेल ओतू नका, मग पत्ते उलट्या बाजूला वळतात. आर्द्रता दोन्ही बाजूंनी सांभाळणारी पाकिटं मिळाली तर ती जास्त बरी.

रबरबँड लावायचा नाही, कडेला खाच पडते आणि पावसाळ्यात रबर चिकटतं. डांबराच्या गोळ्या कपाटात असतील तर डबा तिथे ठेवू नका. फाइल घ्यायची तर पीव्हीसी नसलेल्या कप्प्यांची. पीव्हीसी दमट हवेत पत्त्याला चिकटतं. आमच्याकडच्या दशावतारी गंजिफ्याच्या १२० पत्त्यांना लाखेचा थर तरी असतो, या कागदाला स्लीव्हशिवाय दुसरं कवच नाही. आणि पडवीत खेळणार असाल तर खाली जाड कापड घाला. पावसाची झड आली की उचलून आत नेता येतं, आणि लादीवरचा ओलावा स्लीव्हच्या तोंडातून आत जात नाही.

खाडीपलीकडे (मालवण)

सगळ्यांचे आभार. पोकेमॉनच घेतो. पण बॅटल अकॅडमीत तीन डेक आणि पोरं चार, त्याचं काय करू? आणि शिकवायला मीच, मला स्वतःला काही येत नाही. पहिल्या संध्याकाळी नक्की काय करायचं?

पिसापीस (रत्नागिरी)

बॅटल अकॅडमी एक आणि ईएक्स बॅटल डेकची एक जोडी. पाच डेक होतात, चौघं एकदम बसतात आणि एक राखीव. अकॅडमीचे डेक आपापसात खेळवा, जोडी आपापसात. बजेटमध्ये दोन्ही बसत नसेल तर जोडी दिवाळीपर्यंत मागे टाका, स्लीव्ह मागे टाकू नका. तोवर तीन डेकवर दोघं खेळतील, तिसरं पोर उरलेला डेक घेऊन हरणाऱ्याच्या जागी बसायची वाट बघेल आणि चौथं नियमाची पुस्तिका धरून पंच. पंचाचं काम ११ वर्षांच्याला द्या, तो सगळ्यात लवकर शिकेल. ऑर्डर आठवडाभर आधी करा. गणपतीच्या तोंडावर कुरिअर रखडतं, आणि खोकं चेपून आलं तर बदलून घ्यायलाही दिवस हवेत. उघडताना व्हिडिओ काढून ठेवा.

पहिल्या संध्याकाळी थोरला आणि धाकटा अशी जोडी बसवून शिकवणीचा डाव, पुस्तिकेत सांगितलं तसाच, एकही पत्ता इकडचा तिकडे न करता. दुसरा डाव नीट पिसून, पण हात उघडे ठेवून, सगळ्यांना सगळं दिसू दे. तिसऱ्यापासून हात झाकायचे. लहानांना सहा प्राइझचा डाव लांबतो असं वाटलं तर सुरुवातीला चार लावा.

चुका कुठे होतात ते आधीच सांगतो, म्हणजे भांडण सोडवता येईल. एनर्जी पाळीला एकच लावायची. सपोर्टर पत्ताही पाळीला एकच, आयटम मात्र कितीही. दोन्ही ट्रेनरच असल्याने हटकून घोळ होतो, पत्त्याच्या वरच्या बाजूला काय लिहिलंय ते वाचायला लावा. आत्ता खाली ठेवलेला पोकेमॉन त्याच पाळीत इव्हॉल्व्ह होत नाही (पुढच्या रूपाला जात नाही), आणि स्वतःच्या पहिल्या पाळीत कोणालाच इव्हॉल्व्ह करता येत नाही. ज्याची पाळी पहिली, त्याला त्या पाळीत हल्ला नाही आणि सपोर्टरही नाही. वीकनेसने (ज्या रंगापुढे पोकेमॉन कमजोर, त्या रंगाच्या हल्ल्याने) नुकसान दुप्पट होतं ते पुढे लढणाऱ्या पोकेमॉनचं, बेंचवर (मागच्या रांगेत) थांबलेल्याचं नाही. ईएक्स किंवा व्ही पडला की समोरचा दोन प्राइझ उचलतो, व्हीमॅक्सला (व्हीचं मोठं रूप) तीन. आणि जिंकायचे रस्ते तीन: प्राइझ संपवणं, समोरच्याकडे खाली एकही पोकेमॉन न उरणं, किंवा पाळी सुरू करताना त्याच्या डेकमध्ये उचलायला पत्ता नसणं. शेवटचे दोन पोरं विसरतात.

सुरुवातीच्या सात पत्त्यांत एकही बेसिक पोकेमॉन नसेल तर हात दाखवायचा, परत पिसायचं आणि सात नवे घ्यायचे. समोरच्याला त्याबद्दल एक जादा पत्ता उचलता येतो. हे किती वेळा होणार ते डेकमधल्या बेसिकच्या संख्येवर आहे. ६० मध्ये ८ बेसिक असतील तर जवळपास ३५ टक्के वेळा, १२ असतील तर १९ टक्के, १५ असतील तर १२ टक्के. पोरं डेकमध्ये फेरफार करायला लागली की आधी बेसिकच काढतात, कारण ते दुबळे दिसतात. मग दर तिसऱ्या डावाला हात दाखवत बसतात.

फेरफाराची घाई करू नका. प्रत्येक डेक दहा-बारा वेळा खेळून झाला की कळतं कुठे अडतंय. बहुधा अडतं ते हातात पत्ते नसण्यामुळे. साध्या डेकमध्ये एनर्जी गरजेपेक्षा जास्त असते. चार-पाच काढा आणि त्या जागी प्रोफेसर्स रिसर्च (हात टाकून सात उचला) आणि अल्ट्रा बॉल (दोन टाकून कुठलाही एक पोकेमॉन शोधा) घाला. स्टेज २ असेल तर रेअर कँडी, मधली पायरी गाळता येते. बॉसेस ऑर्डर्सचे (समोरच्याच्या बेंचवरचा पोकेमॉन पुढे ओढा) एक-दोन पुरेत. हे पत्ते सुटे विकत घ्यायचे, साध्या छपाईतले. चमकणारा तोच पत्ता कितीतरी महाग पडतो आणि काम तेच करतो, वर पावसात वळतो. जोडीतल्या एकाला सुधारलंत तर दुसऱ्यालाही तेवढेच पत्ते द्या, नाहीतर जोडी मोडली.

सातहात (वेंगुर्ला)

पोकेमॉनला हरकत नाही, पण १४ वर्षांचा पुढच्या वर्षी कंटाळेल हे लिहून ठेवा. त्याला मोबाइलवर अरीना लावून द्या, फुकट आहे.

चौकटराणी (सावंतवाडी)

एक राहिलं. अकॅडमीतले डॅमेज काउंटर पुठ्ठ्याचे असतात, दमट हवेत पदर सुटतात आणि अर्धे हरवतात. १० ला चिंचोका, ५० ला कवडी, १०० ला एक रुपयाचं नाणं. चिंचोके भाजलेले नकोत, भाजल्यावर साल सुटून काळे कण स्लीव्हवर पडतात. झोप, विष, भाजणं या अवस्थांना वेगवेगळ्या रंगाची बटणं चालतात. झोपेत मात्र पत्ता आडवा करायचा असतो, बटण लावलं तरी तो आडवाच ठेवा. नाणेफेकीला फासा घ्या, सम आला तर छापा आणि विषम आला तर काटा. नाणं उडवलं की ते कपाटाखाली जातं आणि चौघं पत्ते टाकून शोधायला धावतात. परत येईपर्यंत कोणाचा डॅमेज किती होता ते कोणालाच आठवत नाही.